सहा कोर बास

बिरूनं मोडलेली हाडं मी प्लास्टरात घातली आहेत. त्यातलं एक त्याचं स्वतःचं होतं.

इंदापुरात आमचा हाडांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता आणि बरोबर त्याच्या खाली बिरूचं कॉम्प्युटरचं दुकान. मी डॉक्टरांच्या हाताखाली ड्रेसिंग आणि प्लास्टरचं काम करायचे. जिना दोघांना एकच. चिडला की बिरू समोरच्याला म्हणायचा, "वर पाठवीन." बहुतेक लोक तेवढ्यावर निघून जायचे. जे थांबायचे ते खरोखरच जिना चढून वर यायचे आणि मी त्यांना बाकावर बसवून नाव विचारायचे.

तो चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, पण त्यांनी त्याचं काम एक्स-रेमध्ये पाहिलेलं नाही.

घरात पूर्वी मेंढरं होती. आजा-बाप कळप घेऊन हिंडायचे. बिरूच्या वेळेपर्यंत कळप संपला, थोडी शेती राहिली, आणि ह्यानं बारामतीला आयटीआय करून दुकान टाकलं. उंची बेताची. मान नावाला. खांद्यावर कायम एक जाडाभरडा पिवळा टॉवेल. तो घाम पुसायला नव्हता. घाम तो शर्टाच्या बाहीनं पुसायचा.

दुकानात सगळी गर्दी गेम खेळणाऱ्या पोरांची. कमी पैशांत चांगलं मशीन जोडून देणारा माणूस म्हणून त्याचं नाव भिगवणपासून बारामतीपर्यंत झालं होतं. पोरं घाबरत घाबरत यायची, पण यायची. एकदा माल विकायला आलेल्या एका एजंटानं जुना कीबोर्ड नवा म्हणून पुढे केला. बिरूनं तो उचलून त्याच्याच डोक्यावर आपटला. बटणं रस्ताभर उडाली. एक माझ्या चपलेत सापडलं, तेव्हा मी घरी पोचले होते.

हाच माणूस प्रोसेसर बसवायला घेतला की वेगळा व्हायचा. आधी पंखा बंद करायचा. मग नखाच्या टोकांनी तो चौकोनी तुकडा उचलायचा, बोर्डावरच्या खाचेवर धरायचा आणि सोडून द्यायचा. दाबायचा नाही. "हितं जोर लावायचा न्हाय," हे एवढंच मी त्याच्या तोंडून हळू आवाजात ऐकलं आहे. "बसायचा तर आपल्या वजनानं बसतो. न्हाय बसला तर आपलं चुकलंय, त्याचं न्हाय."

टॉवेलाचं सांगायचं तर त्यासाठी एका दिवसाची गोष्ट सांगावी लागेल. मी दवाखान्याचा प्रिंटर घेऊन खाली गेले होते. कोऱ्हाळ्याहून एक तात्या पोराला घेऊन आले होते. पोरगा अकरावी-बारावीतला, मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार होऊन आलेला.

"सोळा कोरांचा प्रोसेसर पायजे," तो म्हणाला. "त्याच्या खाली न्हाय."

"कशाला?"

"जास्त कोर, जास्त पावर."

"मेंढरं किती हायत ते नको सांगू. सांजपतुर कुठवर पोचत्यात ते सांग," बिरू म्हणाला. "अरं, तुझा गेम धावतो चार-सहा कोरांवर. बाकीची दहा नुसती चारा खात्यात. एकेक कोर किती पळतोय ते बघ. जुनी सोळा घेतलीस तर नव्या सहांच्या मागं धापा टाकीत येत्याल."

"पण माझ्या दोस्ताकडं..."

बिरूनं काउंटरवरून वाकून पोराच्या टाळक्यात ठेवून दिली. तात्या उठून उभे राहिले.

"दोस्ताच्या बापाचा हात मी आजून धरला न्हाय," बिरू म्हणाला. "तात्या, बसा. हात द्या हिकडं."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून काउंटरवर पसरला आणि तात्यांचा हात धरून त्याच्याखाली घेतला. तात्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिथंच ओसरला, कारण त्यांना ही रीत माहीत होती. शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात, भोवतीच्यांना कळू नये म्हणून. बिरूच्या दुकानात हीच पद्धत. बापाच्या खिशात काय आहे ते पोराला कळायचं कारण नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही नाही.

तात्यांनी बोटं दाबली. बिरूनं मान हलवली आणि हात बाहेर काढला.

"सहा कोर बास," तो पोराला म्हणाला. "समज, तूच निवडलास. नव्या पिढीचा हाय. खोक्यातच पंखा येतोय, येगळा घ्यायला नको. वाचलं ते समदं ग्राफिक्स कार्डात घालू, गेम तितं दिसतोय. आन् बोर्ड असा देतो की उद्या कामाला लागलास की त्याच बोर्डात आठ कोरांचा बशीव. स्वतःच्या पैशानं."

पोरगा डोकं चोळत "बरं" म्हणाला. तात्या जाताना बिरूला हात जोडून गेले. पोराच्या टाळक्यात बसलेली ते विसरलेच होते.

टॉवेलाखाली खोटं बोलायचं नाही, हा नियम होता. तो कुठं लिहिलेला नव्हता, त्यामुळे एका ठेकेदाराला तो माहीत नव्हता. त्यानं टॉवेलाखाली अगदी थोडी रक्कम दाबली. बिरूला वाटलं, अडचणीत आहे. चार ठिकाणी फोन करून त्यानं प्रोसेसर शोधला, स्वतःचा नफा सोडला आणि मशीन जोडलं. ठेकेदार न्यायला आला तो हसतच. म्हणाला, "पैशाला काय तोटा न्हाय बिरूशेठ. तुमी किती स्वस्तात करताय ते बघत होतो. आता ह्यात सगळ्यात भारी टाका."

बिरू शांतपणे म्हणाला, "मग परत हात द्या."

ठेकेदारानं दिला. मी वर होते. मला हाडाचा आवाज आला नाही, पण ओरडणं आलं.

पाच मिनिटांनी ठेकेदार आमच्या बाकावर बसला होता. करंगळी बाजूला वळलेली. "दरवाजात सापडली," तो म्हणाला. मागून बिरू जिन्यानं वर आला, हातात माझ्यासाठी चहाचा कप. "नीट बांधा सिस्टर, गिऱ्हाईक हाय," म्हणाला.

मी त्याला बाहेर घेतलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी पोलिसांना कळवीन.

"कळवा की. पण मला सांगा, टावेलाखाली गरीब आन् वर आला की श्रीमंत, ह्याला काय म्हणायचं? उद्या खरा गरीब आला तर मी त्याच्या बोटावर इश्वास ठिवू का नको?"

"म्हणून बोट मोडायचं?"

"जीभ मोडता येत न्हाय," तो म्हणाला आणि खाली गेला.

त्याच्या बायकोचं नाव मंगल. बारीक चणीची बाई, पण बिरू तिला दबकून असायचा. हा माणूस घरात काय करतो म्हणून मी तिला एकदा सरळच विचारलं, अंगावर हात टाकतो का. "टाकून बघावं," एवढंच म्हणाली. तेव्हा ती एका प्रोसेसरच्या वाकलेल्या पिना सुईनं सरळ करत होती. त्या जातीच्या प्रोसेसरला खालून केसासारख्या पिना असतात. बिरू कुणावर तरी ओरडत असताना त्याच्या हातून तो पडला होता आणि पिनांची एक अख्खी ओळ आडवी झाली होती. स्वतःचीच चूक, मारायला कुणी नाही, म्हणून बिरूनं शटरवर बुक्की मारली. हाताचं हाड मोडलं. मी म्हटलं ते त्याचं स्वतःचं हाड ते हेच, डाव्या हाताचं. मी प्लास्टर घालून त्याला खाली आणून सोडला, तेव्हा मंगल शेवटची पिन सरळ करत होती. तिनं मान वर केली नाही. "शटर कसं हाय?" एवढं विचारलं.

मग बारामतीत एकानं मोठं दुकान काढलं. नाव लिहीत नाही. आमच्याकडे सगळे त्याला सोळा कोरवाला म्हणायचे. कुठल्या कुठल्या ऑफिसांनी भंगारात काढलेले जुने प्रोसेसर तो आणायचा, पुसून चकचकीत करायचा आणि रंगीबेरंगी दिवे लावलेल्या कॅबिनेटमध्ये घालून विकायचा. पाटी एकच, सोळा कोर, सहा कोरांच्या भावात. आकडा मोठा म्हणून लोक तुटून पडले. महिन्या-दोन महिन्यांनी तीच मशीनं बिरूच्या दारात यायला लागली. गेम अडकतोय, मशीन तापतंय, मध्येच बंद पडतंय.

बाजाराच्या दिवशी बिरूनं तसलं एक मशीन दुकानासमोर रस्त्यात मांडलं. गर्दी जमली. मशीनच्या मालकाला त्यानं आपला सहा कोरांचा प्रोसेसर आणि बोर्ड खरेदीच्या भावात दिला. मग जुना सोळावाला दगडावर ठेवला, घण उचलला आणि लोकांना म्हणाला, "ज्यास्नी सोळा मेलेली मेंढरं पायजेत त्यांनी बारामतीची यष्टी धरावी!" आणि घण हाणला. तुकडा एका माणसाच्या गालात घुसला. तो मी काढला.

पुढच्या बाजारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. लोक मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून एकमेकांना पाठवायचे. सोळा कोरवाल्याकडे माल पडून राहायला लागला. त्यानं दोनदा निरोप पाठवला, बंद कर. दुसरा निरोप घेऊन आलेल्या माणसाला बिरूनं आमच्याकडे पाठवलं, खांदा निखळलेला.

तिसऱ्यांदा निरोप आला नाही.

दुपारची वेळ होती. खालून आदळआपट ऐकू आली. नेहमीचंच म्हणून कुणी जागचं हललं नाही. मग ओरडणारा आवाज बिरूचा आहे हे आमच्या लक्षात आलं आणि आम्ही जिन्याकडे धावलो.

तोंडाला रुमाल बांधलेले तिघं होते. एकाला बिरूनं आधीच पाडला होता. त्याचा दात उघड्या कॅबिनेटमध्ये पंख्याशेजारी पडलेला आम्हाला नंतर मिळाला. पण तो उठला, आणि दोघांनी मिळून बिरूला काउंटरवर पालथा दाबला. तिसऱ्यानं त्याचा उजवा हात ओढून पुढे घेतला, पंजा पसरवला आणि लाकडी मोगरीनं मारलं. मग पुन्हा मारलं. मंगलनं मॉनिटर उचलून त्याच्या पाठीत घातला तेव्हा ते पळाले.

बिरू आपल्या पायांनी वर आला. हात त्याच पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल लाल. बाकावर बसला आणि मला म्हणाला, "आज माझा लंबर, सिस्टर."

मधली दोन बोटं आणि त्यांच्यामागची तळहातातली हाडं, सगळ्यांचा चुरा. बारामतीला नेऊन तारा घातल्या. पुढचं ड्रेसिंग माझ्याकडे. त्यानं दुखण्याची तक्रार कधी केली नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरांना एकच विचारायचा, "नखाएवढी वस्तू धरता यील का?" डॉक्टर म्हणायचे, बघू. मला उत्तर फारसं चांगलं दिसत नव्हतं. पाना फिरवायला डावा हात चालतो. प्रोसेसर उजव्याच्या बोटांतून सोडायचा, ही त्याची सगळी कला होती.

पोलिसांना त्यानं सांगितलं, तोंडं बांधलेली होती, ओळखलं नाही.

माझ्यासमोर मात्र म्हणाला, "माशाचा वास मारत होता. आन् मोगरी बर्फ फोडायची. भिगवणच्या मासळी बाजारात लाद्या फोडतोय त्यो, पोपट. पैसे घिऊन हातपाय पण मोडतोय."

"मग सांगितलं का नाही?"

"पोलिसांनी त्याला मोडल्यावर माझ्यासाठी काय उरंल?"

हे मंगलनंही ऐकलं होतं आणि हळूहळू सगळ्या बाजारपेठेला कळलं. तेव्हापासून इंदापूर वाट बघत होतं. पोपट इकडे फिरकायचा नाही. त्याचा धंदा भिगवणात, पण रस्ता एकच, आणि कधी ना कधी गाठ पडणार.

प्लास्टर निघालं. दोन बोटं काठीसारखी ताठ राहिली. अंगठा, पहिलं बोट आणि करंगळी चालत होती, पण जोर नव्हता आणि थरथर होती. मी रबरी चेंडू दाबायला दिला. तो त्यानं भिंतीवर फेकून मारला, आमच्या घड्याळाची काच गेली. मग त्यानं स्वतःच व्यायाम शोधला. सोळा कोरवाल्याचा एक भंगार प्रोसेसर टेबलावर ठेवायचा आणि अंगठा-बोटात उचलायचा. पडायचा. शिवी द्यायचा, पुन्हा उचलायचा. गिऱ्हाइकांचे प्रोसेसर आता मंगल बसवायची आणि हा तिच्या डोक्यावर उभा.

"जोर लावू नगंस!"

"तुमी लांब हुबा ऱ्हावा. तुमच्या फुसकारण्यानंच उडंल त्यो."

"आगं वाकडा धरलायंस!"

"मी पिना सरळ केल्यात तुमच्या. माझं हात मला म्हाईत हायत. गप बसा."

तो गप बसायचा. ते बघायला मला आवडायचं, हे मी मान्य करते.

थोड्याच दिवसांत आमचा दवाखाना बारामतीला हलला आणि मीही त्याच्याबरोबर. त्याच्या आधी मी बिरूला शेवटचं नीट पाहिलं ते एका बाजाराच्या सकाळी.

दुकानासमोर मोटारसायकल थांबली. पुढे एक धिप्पाड माणूस, मागे चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, मांडीवर रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घट्ट धरलेलं. माणूस उतरला आणि माशाचा वास जिन्यापर्यंत आला. समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. मंगलनं काउंटरवरचा घण उचलून खाली सरकवला. मी आत जाऊन प्लास्टरची पट्टी आणि बोटांना लावायच्या खपच्या घेतल्या आणि जिन्यात, काउंटर दिसेल अशा पायरीवर, येऊन उभी राहिले. उगाच खालीवर करण्यापेक्षा बरं.

मुलगीच बोलली. तिला कशाचाच पत्ता नव्हता. "काका, गेम लावला की बंद पडतंय. पप्पा दुसरीकडं चला म्हणत हुते, पण मैत्रिणी म्हणल्या, इंदापूरच्या काकांकडंच जा."

बिरूनं कॅबिनेट उघडलं, पंखा काढला, खालचा प्रोसेसर पुसून त्यावरचा नंबर वाचला. मग पोपटाकडे बघितलं.

"सोळा," तो म्हणाला. "इकत घेतलंस का कामाचं बक्षीस गावलं?"

पोपट काउंटरवरचे सुटे स्क्रू गोळा करायला लागला.

"कसलं काम, पप्पा?" मुलीनं विचारलं.

बिरूनं त्या मुलीकडे थोडा वेळ बघितलं.

"बर्फ फोडायचं," तो म्हणाला.

मग त्यानं खांद्यावरून टॉवेल काढला. धुऊनही त्यावर एक तपकिरी डाग राहिला होता. तो काउंटरवर पसरला. "हात दे."

पोपटाला रीत माहीत असावी. आणि ठेकेदाराची करंगळीही. त्यानं आधी मुलीकडे बघितलं, मग हात टॉवेलाखाली घातला, डोळे मिटून. मी खपच्या मोजून घेतल्या.

बिरूनं टॉवेलाखाली उजवा हात घातला. मोडलेला.

पोपटाला ती दोन ताठ बोटं लागली असणार, कारण तो दचकून मागे सरला. बिरूनं दरडावलं, "धर!"

"दादा..."

"किती ते दाब."

कापड जेमतेम हललं.

"दाब की! आता का मेल्यावानी धरतोस? तुझ्या अंगात बळ हाय, मला ठावं हाय."

पोपटानं दाबलं. बिरूच्या कपाळावरची शीर उभी राहिली, ओठ पांढरे पडले, पण हात हलला नाही.

"खरं हाय?"

"खरं हाय, दादा."

"सहा कोर बास," बिरू म्हणाला.

त्यानं कपाटातून नवं खोकं आणि बोर्ड काढला आणि पंखा बंद केला. मंगल पुढे झाली. त्यानं तिला कोपरानं बाजूला सारलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात प्रोसेसर उचलला. हात लटपटत होता. करंगळी खाली टेकवून त्यानं पंजा स्थिर केला. खाचेवर आणला, थांबला, पुन्हा नेम धरला. कितीतरी वेळ गेला. पोपट हे सगळं बघत होता. डोळे वळवायला त्याला जागा नव्हती.

बिरूनं बोटं सोडली. तुकडा आपल्या वजनानं खाली बसला. त्यानं बाजूची दांडी अलगद खाली केली.

मंगलनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला.

"पोरी," बिरू म्हणाला, "समोरच्या टपरीवर जाऊन चार चा सांग. साखर कमी म्हण."

मुलगी रस्ता ओलांडून गेली. ती पाठमोरी झाली आहे हे बिरूनं नीट बघून घेतलं. मग डाव्या हातानं त्यानं पोपटाच्या कानाखाली अशी काढली की तो धिप्पाड माणूस रिकाम्या खोक्यांच्या ढिगात जाऊन पडला. खोकी त्याच्या अंगावर कोसळली. आवाज टपरीपर्यंत गेला असेल. मुलगी वळेपर्यंत बिरू स्क्रू पिळायला लागला होता आणि पोपट खोकी एकावर एक रचत होता, एक हात गालावर.

बिरूनं वर, जिन्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या खपच्या त्याला दिसल्या.

"हाड न्हाय मोडलं, सिस्टर," तो म्हणाला. "जावा तुमी वर."